रविवार सोडून सहा दिवस : गव्हर्नरचा नकाराधिकार आणि आमदारांचं उत्तर

मॅडिसनवासी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात घरपट्टीचं बिल आलं. विस्कॉन्सिनमध्ये अख्ख्या वर्षाचं बिल डिसेंबरातच येतं आणि पहिला हप्ता ३१ जानेवारीच्या आत भरायचा असतो. कागदावर काउंटी, शहर, तंत्रमहाविद्यालय, शाळा असे वेगवेगळे आकडे असतात. शाळांचा आकडा पुन्हा फुगलेला बघून बायको म्हणाली, "हे त्या चारशे वर्षांमुळेच ना?"

काही अंशी हो. आमच्या शहरात सार्वमताने मंजूर झालेला जादा खर्चही त्यात आहे, त्यामुळे सगळं खापर एकाच गोष्टीवर फोडत नाही. पण हे चारशे वर्षांचं प्रकरण इथल्या मराठी मंडळींनाही नीट ठाऊक नसतं, म्हणून हा धागा.

इथे १९९३ पासून शाळांच्या उत्पन्नावर राज्याने कमाल मर्यादा घातली आहे. राज्याचं अनुदान आणि घरपट्टी मिळून दर विद्यार्थ्यामागे अमुकच रक्कम उभी करायची, त्यापुढे लोकांना विचारल्याशिवाय नाही. २००९ पर्यंत ही मर्यादा महागाईबरोबर वाढायची. मग तो दुवा तुटला. २०२१-२३ च्या अर्थसंकल्पात तर वाढ शून्य होती. २०२३ मध्ये विधिमंडळाने दोन वर्षांसाठी दरवर्षी ३२५ डॉलर वाढवायची मुभा दिली.

आता एक कागद घ्या आणि लिहा : '२०२३–२४ शालेय वर्ष आणि २०२४–२५ शालेय वर्ष'. विधेयकातले शब्द साधारण असे होते. पहिल्या जोडीतलं '२४' खोडा. 'शालेय वर्ष आणि' खोडा. पुढच्या '२०२४' मधला '२०' खोडा. मग '२४' आणि '२५' यांच्यामधली आडवी रेघ खोडा. शेवटचं 'शालेय वर्ष'ही खोडा. उरतं '२०२३–२४२५'. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी ५ जुलै २०२३ रोजी नेमकं हेच केलं. दोन वर्षांची वाढ सन २४२५ पर्यंतची झाली. चारशे वर्षं मागे गेलं तर शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता आणि मलिक अंबर हयात होता. तेवढंच पुढे जायचं.

हे करता आलं, कारण खर्चाच्या विधेयकांवर इथल्या गव्हर्नरला १९३० पासून अंशतः नकाराधिकार आहे. सगळं विधेयक परत न पाठवता हवा तो भाग खोडून उरलेल्यावर सही करता येते. एव्हर्स स्वतः विज्ञानाचे शिक्षक होते, नंतर जवळपास दहा वर्षं राज्याचे शिक्षणप्रमुख होते. शाळांना पुढचं वर्ष कसं जाईल हे दर दोन वर्षांनी आमदारांच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागू नये, ही त्यांची भूमिका.

१४ सप्टेंबर २०२३ ला सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहात, हा नकार उलटवण्याची चर्चा होती, तेव्हा मी मुलाला घेऊन वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. रिपब्लिकन आमदारांचा मुद्दा असा, की आम्ही दोन वर्षांना मंजुरी दिली होती, चारशे वर्षांचा करबोजा एका माणसाने लादला. डेमोक्रॅट म्हणत होते, की महागाईचा दुवा तुम्हीच तोडलात, शाळांनी मग करायचं काय? शेवटी मतं पडली २२ विरुद्ध ११. एकूण ३३ जणांत दोन तृतीयांश म्हणजे बरोबर २२. सिनेटने नकार उलटवला. पण असेंब्लीतही, म्हणजे खालच्या सभागृहात, ९९ पैकी ६६ लागतात आणि रिपब्लिकनांकडे होते ६४. दोन मतांसाठी अडलं ते अडलंच. या राज्यात गव्हर्नरचा नकार शेवटचा उलटवला गेला १९८५ मध्ये!

नंतर प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०२५ ला चार विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, की नकार वैध आहे. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जिल कॅरोफ्स्की यांनी चारशे वर्षं हा आकडा डोळ्यांत भरणारा आहे हे मान्य केलं, पण घटनेतल्या शब्दांत तो बसतो असं म्हटलं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते दुसऱ्याच एका कलमाबद्दल. इथल्या घटनेत लिहिलंय, की विधेयक हाती आल्यापासून रविवार सोडून सहा दिवसांत गव्हर्नरने ते परत केलं नाही, तर तो कायदा होतो (अपवाद एकच, अधिवेशन संपल्यामुळे परत करणंच शक्य नसेल तर). परत करायचं तर आक्षेप लेखी द्यायचे. सज्जात माझ्या मुलाच्या हातात त्या आक्षेपपत्राची छापील प्रत होती. खाली आमदार त्यातल्या एकेका मुद्द्यावर भांडत होते आणि तो बोट ठेवून वाचत होता. मी महाराष्ट्रात वाढलो. राज्यपालांनी नेमकं काय आणि का नाकारलं हे सामान्य माणसाने हातात धरून वाचलंय, असं मी तिकडे कधी पाहिलं नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. भारतातलेही चालतील.

---

खडूफळा

फार छान लिहिलंय. मी नाशिकजवळ नववी-दहावीला शिकवते. एक शंका. तिथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो ना? मग आपल्या राज्यपालांशी तुलना कितपत योग्य?

---

मॅडिसनवासी

@खडूफळा, हो, थेट निवडून आलेला. म्हणजे इकडे कार्यकारी सत्ता त्याच्याच हातात, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखी. म्हणून तर प्रश्न पडतो. लोकांनी निवडलेल्या माणसाला सहा दिवसांची मुदत आणि नेमलेल्या माणसाला मुदतच नाही, असं का?

---

शिकागोकर

इलिनॉयचा अनुभव लिहिते, कारण आमच्याकडे नकार खरंच उलटवला गेला.

२०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं आमच्या राज्याला पूर्ण अर्थसंकल्पच नव्हता. गव्हर्नर ब्रूस राउनर रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅटांचं. मी तेव्हा एका सरकारी विद्यापीठात नोकरीला होते. पहिले सहा महिने सगळे म्हणत होते, होईल काहीतरी. मग रिकाम्या झालेल्या जागा भरणं थांबलं. मग आमच्या विभागातली चौदापैकी पाच माणसं गेली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तेवीस वर्षांचं सामान दोन खोक्यांत भरलं आणि कुंडीतलं रोप माझ्याकडे दिलं. गरीब विद्यार्थ्यांना राज्याचं शैक्षणिक अनुदान मिळेल असं आम्ही पत्राने कळवायचो आणि पैसे येत नसत. फोनवर त्या मुलांच्या आयांना काय सांगायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जुलै २०१७ मध्ये विधिमंडळाने आयकर ३.७५ वरून ४.९५ टक्क्यांवर नेणारं विधेयक आणि खर्चाची विधेयकं मंजूर केली. राउनर यांनी लगेच नाकारली. सिनेटने ४ जुलैलाच, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, नकार उलटवला. प्रतिनिधिगृहाचं मतदान ६ जुलैला होतं. त्या दिवशी कुणीतरी कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात, पावडर टाकली, इमारत बंद केली आणि सगळं दोनेक तास खोळंबलं. आम्ही ऑफिसात संगणकासमोर उभे. ११८ पैकी ७१ मतं लागत होती. पडली ७१. एकही कमी पडलं असतं तर संपलं होतं. काही रिपब्लिकन आमदारांनी आपल्याच गव्हर्नरविरुद्ध मत दिलं. आपल्या मतदारसंघातलं विद्यापीठ, वृद्धांच्या सेवा बंद पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

मला करवाढ आवडली असं नाही. पण त्या आमदारांबद्दल मला आजही आदर वाटतो. पुढच्या निवडणुकीत हे आपल्याला भोवेल हे माहीत असून त्यांनी हिरवं बटण दाबलं. ते रोप अजून आहे माझ्याकडे.

---

गिरगावकर

शिकागोकर, अंगावर काटा आला वाचून.

---

मिलवॉकीची_आजी

मॅडिसनवासी, तुमचं लिखाण आवडलं, पण मला पटलं नाही, म्हणून लिहितेय.

मी सत्तरी ओलांडली आहे. यजमान गेले, घर आहे, पेन्शन ठरावीक. शाळांना पैसे मिळावेत असं मलाही वाटतं, माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळेत शिकली. पण दोन वर्षांच्या मंजुरीची चारशे वर्षं करणं हे मंजुरी नाकारणं नाही, तो नवा कायदा करणं झालं. नकाराधिकार म्हणजे 'नको' म्हणायचा अधिकार. विधिमंडळातल्या एकाही सदस्याने, कुठल्याच पक्षाच्या, २४२५ साल मनात धरून मत दिलं नव्हतं. तीन न्यायमूर्तींचं मत विरोधात गेलं ते याचसाठी.

आणि तुम्ही जुना इतिहास लिहिला नाही. हे पूर्वीही झालंय. १९८७ मध्ये टॉमी थॉम्पसन गव्हर्नर असताना शब्दांतली एकेक अक्षरं खोडून नवे शब्द तयार केले गेले. टीव्हीवरच्या अक्षरांच्या खेळात पाट्या फिरवणारी व्हॅना व्हाइट होती, तिच्या नावाने लोक त्याला व्हॅना व्हाइट व्हेटो म्हणत. ते रिपब्लिकन होते, बरं का. लोकांनी १९९० मध्ये घटनादुरुस्ती करून ते बंद केलं. मग २००५ मध्ये जिम डॉयल यांनी, ते डेमोक्रॅट, वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून नवीन वाक्य केलं आणि रस्त्यांच्या निधीतले ४२ कोटी ७० लाख डॉलर दुसरीकडे वळवले. त्याला फ्रँकेन्स्टाइन व्हेटो म्हणायचे. २००८ मध्ये तेही लोकांनी मतदान करून बंद केलं. मी दोन्ही वेळा इथेच होते, २००८ ला मतही दिलं. आकडे खोडायची वाट तेवढी उघडी राहिली आणि एव्हर्स तिथून आत शिरले.

---

मॅडिसनवासी

आजी, तुमचा मुद्दा मान्य आहे, अगदी मनापासून. आकडे खोडण्याची वाटही बंद व्हायला हवी असंच माझं मत आहे, जरी या वेळी फायदा माझ्या मुलाच्या शाळेला झाला असला तरी. १९९० आणि २००८ चं लिहायला हवं होतं.

एक भर घालतो. त्याच अर्थसंकल्पात एव्हर्स यांनी साडेतीन अब्ज डॉलरची आयकरकपात सुमारे साडेसतरा कोटींवर आणली. वरच्या दोन उत्पन्नगटांची कपात काढून टाकली, खालच्या दोघांची ठेवली. सिनेटने त्याच दिवशी तोही नकार उलटवला आणि तोही असेंब्लीत अडला. त्या वेळी मला काही वाटलं नाही, कारण तो सरळ सरळ 'नको' होता. 'नको' म्हणणं आणि नवं लिहिणं यातला फरक तुम्ही जो सांगताय तो इथे दिसतो.

घरपट्टीबद्दल मात्र एक सांगू का? २०२५-२७ च्या अर्थसंकल्पात विधिमंडळाने शाळांचं सर्वसाधारण अनुदान वाढवलं नाही. मर्यादा ३२५ ने वाढली, अनुदान तिथेच, म्हणून सगळा भार घरपट्टीवर आला. ती जबाबदारी एकट्या गव्हर्नरची नाही.

---

मिलवॉकीची_आजी

हो, ते खरं आहे. दोघांच्या भांडणात बिल माझ्या पेटीत पडतं.

---

कावेरीकाठ

आमच्या घरात तंजावरची मराठी बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या तामिळनाडूत आहोत, त्यामुळे इथलं मराठी थोडं वेगळं वाटलं तर सांभाळून घ्या. मी चेन्नईत राहतो.

मॅडिसनवासींनी सज्जातलं लिहिलं, तसा आमच्याकडचा दिवस १८ नोव्हेंबर २०२३. शनिवार होता. राज्यपाल आर. एन. रवी यांनी आधीच्या सोमवारी दहा विधेयकं परत पाठवली होती. त्यासोबत कारण काय? 'संमती रोखत आहे', एवढंच. कुठल्या कलमावर आक्षेप, काय बदल हवा, काही नाही. विधानसभेचं खास अधिवेशन बोलावलं आणि मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी दहाही विधेयकं पुन्हा मांडली.

बहुतेक विधेयकं विद्यापीठांची होती. कुलगुरू नेमायचा अधिकार कुलपतींकडून म्हणजे राज्यपालांकडून काढून राज्य सरकारकडे द्यायचा, असा मुख्य गाभा. जे विधेयक राज्यपालांचाच अधिकार कमी करतं, त्यावर राज्यपालच बसून राहिले. मला हे तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. आणि दहापैकी दोन विधेयकं तर आधीच्या अण्णाद्रमुक सरकारच्या काळातली, २०२० मधली होती. त्यातलं एक मत्स्यविद्यापीठाला जयललिता यांचं नाव देणारं. तरी त्या दिवशी अण्णाद्रमुकने सभात्याग केला, भाजपनेही केला. मला वाटतं विरोधकांनी थांबून बोलायला हवं होतं. विधेयकांत दोष असतील तर ते दाखवायची जागा तीच. राज्यपालांनी कारणं लिहिली असती तर चर्चेला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्याऐवजी सगळी चर्चा राज्यपाल या माणसाभोवती फिरली, विद्यापीठं बाजूला राहिली.

दहाही मंजूर झाली. घटनेप्रमाणे दुसऱ्यांदा आलेल्या विधेयकाला संमती नाकारता येत नाही. दहाच दिवसांनी राज्यपालांनी ती सगळी राष्ट्रपतींकडे पाठवून दिली.

ऑनलाइन जुगारबंदीचंही आठवतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर, मार्च २०२३ मध्ये परत, त्याच महिन्यात पुन्हा मंजूर, १० एप्रिलला संमती. मधल्या काळात कर्जबाजारी झालेल्या पोरांच्या बातम्या इथल्या पेपरांत येत होत्या. आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला रात्री फोनवर रमी खेळायचा. त्याने त्या हिवाळ्यात रिक्षा विकली.

---

काळा_डगला

वकिली करतो, पुण्यात. थोडं कायद्याचं.

अनुच्छेद २०० मध्ये राज्यपालांसमोरच्या वाटा दिल्या आहेत : संमती द्या, रोखा, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवा. धनविधेयक नसेल तर 'शक्य तितक्या लवकर' संदेशासह परत पाठवा. सगळा घोळ या तीन शब्दांत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीबद्दलच्या मसुद्यात मुळात सहा आठवड्यांची मुदत होती. १९४९ मध्ये घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी ती काढून 'शक्य तितक्या लवकर' असं आणलं. ह. वि. कामतांनी तेव्हाच हरकत घेतली होती. बाबासाहेबांच्या मनात सहा आठवड्यांपेक्षा लवकर व्हावं असंच असणार, असं मी मानतो. शब्द सैल झाला तो वापरणाऱ्यांमुळे.

तामिळनाडूच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी दहाही विधेयकांना संमती मिळाल्याचं मानलं आणि मुदतीही आखून दिल्या. गव्हर्नरच्या सहीशिवाय झालेले कायदे ११ एप्रिलला राजपत्रात आले. मग राष्ट्रपतींनी १४ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला विचारले. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींनी मत दिलं. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आपल्या अमरावतीचे, पीठावरचे न्या. अतुल चांदुरकरही मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. मत असं, की न्यायालय मुदत आखू शकत नाही, संमती 'मानता' येत नाही. पण परत न पाठवता नुसतं रोखून ठेवायचाही अधिकार राज्यपालांना नाही आणि फार काळ कारण न देता बसून राहिले तर 'निर्णय घ्या' एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकतं.

माझं स्पष्ट मत : संमती 'मानण्या'वर दुमत असू शकतं. पण मुदत न्यायालयाने नाही, तर संसदेने घटनादुरुस्तीने घालावी. सहा दिवस नको, सहा आठवडे घाला.

(दुरुस्ती : वर 'गव्हर्नर' लिहिलं तिथे 'राज्यपाल' वाचावं. धाग्याचा परिणाम.)

---

शंकेखोर

दुसरी बाजू कुणीच मांडत नाहीये. बहुमताच्या जोरावर सरकारने घाईत वाईट कायदा केला तर कुणीतरी थांबवायला नको? कुलगुरू जर मंत्र्यांनी नेमले तर विद्यापीठांचं काय होईल हे आपण जाणतो.

---

गिरगावकर

@शंकेखोर, थांबवायला हवं, पण थांबवणाऱ्याने तोंड उघडायला हवं. आपल्याच राज्याचं बघा. डिसेंबर २०२१ मध्ये सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात बदल करणारं विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं. प्र-कुलपती म्हणून मंत्री आणि कुलगुरूपदासाठी सरकारने सुचवलेल्या दोन नावांतून राज्यपालांनी निवड करायची. मला ते विधेयक अजिबात आवडलं नव्हतं! मी स्वतः महाविद्यालयात शिकवत होतो, मंत्र्याला विद्यापीठात बसवण्याच्या विरोधात आम्ही सह्या गोळा केल्या होत्या. पण त्याला संमती मिळालीच नाही, सरकार बदललं आणि नव्या सरकारने ते मागे घेतलं. म्हणजे आमच्या बाजूने झालं. तरी समाधान नाही. राज्यपालांनी आक्षेप लिहून परत पाठवलं असतं, सभागृहात पुन्हा चर्चा झाली असती, तर आमच्या सह्यांचा कागद कुणीतरी तिथे वाचला असता. तो अजून माझ्या कपाटात आहे.

विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा जागांचं तर सगळ्यांना आठवतच असेल. तो विधेयकाचा विषय नाही, पण नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावं पाठवली आणि उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे असं सांगूनही पुढे काही हललं नाही.

---

शंकेखोर

सह्यांचा मुद्दा पटला.

---

मॅडिसनवासी

सगळ्यांचे आभार. गिरगावकर, तुमचं लिखाण मी मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग त्यांना तो कागद कधीच परत नाही आला?" त्याच्या डोक्यात अजून ते आक्षेपपत्रच आहे.

शिकागोकर, मिलवॉकीच्या आजी, उन्हाळ्यात मॅडिसनला या. कॅपिटॉलचा सज्जा सगळ्यांना खुला असतो, पैसे लागत नाहीत.

---

खडूफळा

आज वर्गात हा प्रयोग केला. फळ्यावर '२०२३–२४ शालेय वर्ष आणि २०२४–२५ शालेय वर्ष' लिहिलं आणि मुलांना सांगितलं, नवीन काही लिहायचं नाही, फक्त पुसायचं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने दोन मिनिटांत २४२५ काढून दाखवलं. सगळा वर्ग ओरडला.

मग आपल्या अनुच्छेद २०० वर आलो. विधानसभेने दुसऱ्यांदा मंजूर केलं की राज्यपाल नाकारू शकत नाहीत, हे सांगितलं. त्याच मुलीने विचारलं, "बाई, पण सही कधीपर्यंत करायची?" मी 'शक्य तितक्या लवकर' असं सांगायला गेले आणि लक्षात आलं, की ते शब्द तर परत पाठवण्यासाठी आहेत, दुसऱ्यांदा आल्यावर सहीसाठी तिथे मुदतीचा शब्दच नाही. मी सांगितलं, बघून सांगते.

काळा_डगला, नववीच्या मुलांना कळेल असं दोन-चार ओळींत लिहून द्याल का? शुक्रवारी पुन्हा तास आहे.